आयएमडी पुण्याचा ग्रिडेड पावसाचा डेटा वापरून बघितला

घरी दर जूनला एकच वाद. आजोबा म्हणतात पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही, बाबा म्हणतात पडतो तेवढाच पडतो. म्हणून यावेळी हवामान विभागाच्या (आयएमडी) पुण्याच्या साइटवरून रोजच्या पावसाचा डेटाच उतरवून घेतला. १९०१ पासूनचा आहे, फुकट आहे, वर्ष निवडायचं आणि फाइल घ्यायची. देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाचे चौकोन, म्हणजे साधारण २५-२८ किमीचा एक, आणि प्रत्येकाला रोजचा मिलिमीटरमधला आकडा. एवढा जुना रेकॉर्ड घरबसल्या मिळतो याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) येत असेल तर आयएमडीलिब नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड आहे, काम सोपं होतं. उणे ९९९ दिसलं की डेटा नाही असं समजायचं, ते आधी काढा नाहीतर बेरीज भलतीच येईल. आणि पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असतो, त्यामुळे २६ जुलैचा पाऊस २७ तारखेखाली सापडतो.

पण वर्षाची बेरीज काढून थांबू नका, प्लीज. अडीच मिमीच्या वरचे दिवस वेगळे मोजा, ६४.५ च्या वरचे म्हणजे 'जोरदार' वाले वेगळे मोजा, खरी गोष्ट तिथे आहे. २००६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताचा १९५१ ते २००० चा याच विभागाचा रोजचा डेटा असाच तपासला होता, तर अतिजोरदार पावसाचे प्रसंग वाढलेले, मध्यम पावसाचे कमी झालेले, आणि दोन्ही मिळून सरासरी जवळपास तिथल्या तिथेच. म्हणजे बाबांची बेरीज बरोबर आणि आजोबांची आठवणही बरोबर, कारण त्यांना आठवते ती दिवसदिवस लागून राहणारी झड.

हा डेटा कुठे अपुरा पडतो तेही सांगतो. चौकोनाचा आकडा आजूबाजूच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवरून काढलेला असतो, त्यात टोकाचा पाऊस पातळ होतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७४, अंतर २५ किमीच्या आसपास! त्यामुळे एखाद्या गावाच्या विक्रमासाठी थेट त्या केंद्राची नोंदच बघावी. शिवाय केंद्रांची संख्या सगळी वर्षं सारखी नाही, म्हणून १९१० आणि २०१० चा एकेक दिवस शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका, ३०-३० वर्षांचे तुकडे घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तापमानाचाही आहे, १९५१ पासून, पण चौकोन १ अंशाचे. तो आता उतरवायला घेतलाय.