नवीन फिशटँक, ३ महिने आणि ३१ मेलेले मासे : दुकानदाराने आम्हाला कसं फसवलं

आमच्या घरी नोव्हेंबरात २ फुटी फिशटँक आला आणि जानेवारी संपेपर्यंत त्यात ३१ मासे मेले. हा आकडा माझ्या मुलाचा आहे, तो चौथीत आहे आणि त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक मेलेल्या माशासाठी एक रेघ मारून ठेवलीय. ती वही बघितली की मला अजून राग येतो, म्हणून हे सगळं लिहितेय, निदान दुसऱ्या कोणाच्या पोराला अशा रेघा मारायला लागू नयेत.

आम्ही नाशिकला राहतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही, का नाही ते पुढे येईलच. दुकान चांगलं मोठं आहे, भिंतभर टँक, लाइटिंग, माणूस गोड बोलणारा. आमचा टँक २४ बाय १२ बाय १५ इंच म्हणजे साधारण ७० लिटरचा, त्यात फिल्टर, लाइट, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं असं सगळं धरून ६८०० रुपये घेतले. मी तेव्हाच विचारलं होतं, भाऊ, मासे कधी टाकायचे? तर म्हणाला, "ताई आजच टाका, अँटिक्लोरिन दिलंय ना, त्याचे थेंब टाका आणि अर्ध्या तासाने मासे सोडा." (अँटिक्लोरिन म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवणारं औषध.) वर एक बॅक्टेरियाची बाटली दिली ३५० ची, म्हणे ही टाकली की टँक तयार. आणि एका दिवसात १४ मासे दिले, ४ गोल्डफिश, २ एंजल, ६ गुलाबी-निळे कलर टेट्रा आणि काच साफ करायला २ सकर. माशांवर ३ दिवसांची गॅरंटी.

ही ३ दिवसांची गॅरंटी नीट लक्षात ठेवा. कोऱ्या टँकमध्ये मासे सोडले की पहिले दोनतीन दिवस शक्यतो काही होत नाही, मासे मस्त फिरतात, आपण फोटो काढतो. त्यांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया साठायला थोडे दिवस लागतात, आणि तोपर्यंत गॅरंटी संपलेली असते. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरट झालं, सहाव्या दिवशी गोल्डफिश वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले, आठव्या दिवशी सकाळी दोन मेलेले.

फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं. "ताई तुम्ही खायला जास्त घातलं, आणि तुमच्या एरियातलं पाणीच खराब आहे." मग निळं औषध, पीएच वाढवायचं औषध, मीठ, असं करत करत ९०० रुपये. आणि सल्ला काय, तर सगळं पाणी काढा, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, टँक घासा आणि नवीन पाणी भरा. जमत नसेल तर माझा माणूस येईल, ४०० रुपये. तो माणूस चार वेळा आला. दर वेळी टँक चकाचक करून जायचा, दर वेळी आम्ही नवीन मासे आणायचो कारण दुकानदार म्हणायचा आता पाणी सेट आहे, आणि दर वेळी आठदहा दिवसात परत तेच. सासूबाई म्हणाल्या, मुक्या जिवांचे हाल बघवत नाहीत, काढून टाका तो टँक. त्यांचं चुकत नव्हतं, पण मुलगा रडायला लागला म्हणून ठेवला.

शेवटी ह्यांच्या ऑफिसमधले एकजण, १५ वर्षांपासून मासे पाळतात, ते टेस्ट किट घेऊन घरी आले. त्यांनी आधी नळाचं पाणी तपासलं, अमोनिया शून्य, रंग पिवळा. मग टँकचं पाणी तपासलं तर गडद हिरवं, जवळपास ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ४ भाग अमोनिया. म्हणजे आमच्या एरियाचं पाणी खराब वगैरे सगळं खोटं होतं, विष टँकमध्येच तयार होत होतं. त्यांनी समजावलं की टँकमध्ये दोन प्रकारचे चांगले जिवाणू वाढावे लागतात, पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनियाने माशांचे कल्ले जळतात, नायट्राइटने रक्तातून ऑक्सिजन पोचत नाही, नायट्रेट मात्र थोडं असलं तरी चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते राहतात फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर, आणि नवीन टँकमध्ये ते पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे जातात. आपण स्पंज नळाच्या क्लोरिनच्या पाण्याखाली धुतला की ते मरतात आणि टँक परत पहिल्या दिवसावर. निळ्या औषधानेही ते मरतात. म्हणजे आम्ही ४०० रुपये देऊन जे करून घेत होतो त्यानेच मासे मरत होते.

तरीही मला वाटलं की दुकानदारालाही माहीत नसेल बिचाऱ्याला. मग थर्मामीटर घ्यायला दुकानात गेले तेव्हा मागच्या बाजूला कामाचा मुलगा बादलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात स्पंज पिळत होता. मी सहज विचारलं, नळाखाली का नाही धूत रे? तो म्हणाला, "नळाखाली धुतला तर मासे मरतात ना ताई, शेठ ओरडतील."

मी तिथे दोन मिनिटं नुसती उभी राहिले. स्वतःचे मासे जगवायची पद्धत ह्या माणसाला पक्की माहीत होती आणि आम्हाला त्याने बरोबर उलटी सांगितली होती, चार वेळा.

घरी येऊन मी एकेक वस्तू काढून बघितली. त्या बॅक्टेरियाच्या बाटलीवर एक्सपायरीच्या जागी दुकानाच्या किमतीचं स्टिकर होतं, ते नखाने काढलं तर खाली तारीख, घेतली त्याच्या ७ महिने आधीच संपलेली. गुलाबी टेट्रातले दोन वाचले होते ते तोवर पांढरट पडलेले, कारण ते जन्मतः गुलाबी नसतातच, साध्या पांढऱ्या टेट्राला रंग टोचून नाहीतर रंगाच्या पाण्यात बुडवून विकतात, आणि ह्या छळानेच बरेच मासे कमजोर होतात. कृपा करून असे मासे घेऊ नका. गोल्डफिश थंड पाण्यातला, एंजल आणि टेट्रा २४ ते २८ डिग्रीतले, ते एका टँकमध्ये द्यायलाच नको होते, आणि डिसेंबरात आमच्या हॉलमधल्या टँकचं पाणी १९ डिग्री होतं, हीटरचा तर त्याने विषयसुद्धा काढला नव्हता. सकर म्हणजे बोटाएवढा दिलेला मासा फूटभर होतो, दीड फूटही होतो. मोठा झाला म्हणून लोक तो नदीतळ्यात सोडून देतात आणि मग तिथल्या माशांची वाट लागते, तसं कधीच करू नका.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला गॅरंटी ३ दिवसांचीच होती, आणि बिल दाखवा. बिल म्हणजे त्याने साध्या कागदावर पेनाने लिहिलेले आकडे, ना दुकानाचं नाव ना शिक्का. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण हातात कागद नसेल तर बोलायचं कशाच्या जोरावर. औषधं, माणूस, नवीन मासे असे पहिल्या ६८०० वर अजून ५ हजारांच्या आसपास गेले.

आत्ता ज्यांच्या नवीन टँकमध्ये मासे मरतायत त्यांनी एवढं करा, आजच. खाणं एकदोन दिवस बंद ठेवा, मासे उपाशी मरत नाहीत. सगळं पाणी अजिबात काढू नका, रोज पाव टँक बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरिन टाकून आणि जवळपास त्याच तापमानाचं. एअर पंप चालू ठेवा. स्पंज काळा दिसला तरी काढलेल्या टँकच्याच पाण्यात हलका पिळा. नवीन मासे आणू नका, कोणी कितीही म्हणालं तरी. आणि औषधावर पैसे घालवण्याआधी अमोनिया आणि नायट्राइटची किट घ्या, दोन्ही शून्य येईपर्यंत दुकानात पाऊल टाकू नका. घेताना छापील बिल मागा, देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

आमचं असं झालं की ऑफिसमधल्या त्या काकांनी त्यांच्या जुन्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून दिला, तो आमच्या फिल्टरमध्ये घातला, रोज किट लावली, तेराव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. हीटर घेतला. मग दुसरीकडून ३ मॉली आणल्या, दोन आठवड्यांनी अजून ३, आणि एप्रिल उजाडला तरी वहीत नवीन रेघ नाही. नाशिकमध्ये कोणी नवीन टँक लावत असेल तर आमच्या फिल्टरचा स्पंज आता चांगला मुरलाय, त्यातला तुकडा मी आनंदाने कापून देईन, फक्त नेताना टँकच्या पाण्यातच ओला ठेवून न्या, वाटेत वाळू देऊ नका.