रॉड की डंबेल, तर्री पोहे की झुणका: नागपुरात नव्यानं जिम लावणाऱ्यासाठी

माझा भाचा ऑगस्टमध्ये त्रिमूर्ती नगरात खोली करून राहायला आला आणि आठवड्याभरात त्यानं जिम लावली. लगेच फोन. "मावशी, सर म्हणून राहिले का पहिल्या दिवसापासून रॉडच उचल, डंबेलमध्ये टाइम नको घालवू. अन् सकाळचे पोहे बंद कर म्हणते. मग खाऊ काय मी?"

रॉड म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या गोल प्लेट चढवतात तो लांब लोखंडी दांडा. फोनवर त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण हे प्रश्न नव्यानं जिम लावणाऱ्या प्रत्येकाला पडतात आणि चुकीचं उत्तर महागात पडतं. मला पडलं होतं. पाच वर्षांपूर्वी घराजवळच्या एका लहान जिममध्ये डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहण्याचा व्यायाम, करताना माझ्या पाठीत अशी उसण भरली, की तीन आठवडे मांडी घालून खाली बसता आलं नाही. वजन होतं अवघं तीस किलो. तेव्हा मला वाटलं, आपली पाठच कच्ची. खरं कारण वेगळं होतं. डेडलिफ्टपाशी आलो की सांगते.

स्क्वॉट: पाठीवर रॉड की छातीशी डंबेल

स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन खाली बसणं आणि उठणं. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा रॉड रिकामाच २० किलोचा असतो, बायकांचा १५ किलोचा. घरी पाण्याचा २० लिटरचा जार येतो, तेवढं वजन प्लेट चढवण्याआधीच खांद्यावर येतं. लहान जिममधले रॉड याहून हलकेही असतात, म्हणून आपल्या जिममधला रॉड एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहाच. नाहीतर आज आपण किती उचललं हेच नीट कळत नाही.

निवड करण्याआधी घरीच एक गोष्ट करून पाहा. उकिडवं बसा. टाचा जमिनीला टेकलेल्या, छाती समोर, हात मोकळे. आपल्या आज्या असं बसून तासभर भाजी निवडायच्या. खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या पिढीचे घोटे आखडलेले असतात. बसायला गेलं की टाचा उचलतात नाहीतर माणूस मागे पडतो. ज्याला हे जमत नाही, त्यानं पाठीवर रॉड घेण्याची घाई करू नये.

छातीशी डंबेल धरून केलेला स्क्वॉट, ज्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात, तो म्हणजे हेच उकिडवं बसणं. डंबेल उभं धरायचं, वरच्या टोकाखाली दोन्ही तळवे, कोपरं खाली. पाय खांद्याइतके दूर, चवडे किंचित बाहेर. गुडघे चवड्यांच्या दिशेनं जाऊ द्यायचे आणि मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसायचं. यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी, की चूक झाली की तिथल्या तिथे कळते. छाती पुढे झुकली की डंबेल हात खाली ओढू लागतं, त्याला सावरता सावरता माणूस आपोआप सरळ होतो. पाठीवरच्या रॉडचं तसं नाही. तुम्ही वाकलात तरी रॉड जागेवर राहतो, सेट पूर्ण होतो, आणि चूक दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना समजते.

म्हणून सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे डंबेल, असं माझं स्पष्ट मत आहे. ते बाईनं उचलायचं की बाप्यानं, हा मुद्दाच नाही.

रॉडची वेळ मात्र येते. डंबेल २५-३० किलोच्या घरात गेलं की पाय थकायच्या आधी हात थकतात. तिथून पुढे पाय वाढवायचे तर रॉडला पर्याय नाही. तेव्हा रॉड मानेच्या मणक्यावर न ठेवता त्याच्या खाली, खांद्यांच्या मांसल भागावर टेकवा. रॅकच्या, म्हणजे रॉड ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या, आडव्या पट्ट्या तुम्ही बसता त्याच्या किंचित खाली लावा, म्हणजे उठता आलं नाही तरी रॉड त्यांवर टेकवता येईल. खाली जाण्याआधी पोटात श्वास भरून पोट कडक करा, वर येताना सोडा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास असा कोंडून धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

एक समज जिममध्ये हमखास ऐकू येतो: गुडघे पायाच्या बोटांपुढे जाता कामा नयेत. उंच माणसाचे, लांब मांड्यांच्या माणसाचे ते जाणारच. जबरदस्तीनं मागे रोखले तर धड पुढे झुकतं आणि भार कमरेवर येतो. टाच टेकलेली आहे ना आणि गुडघा आत पडत नाही ना, एवढं बघा. टाच उचलत असेल तर तिच्याखाली अडीच किलोची प्लेट ठेवून काही दिवस करा आणि सोबत घोटे मोकळे करत राहा.

स्मिथ मशीनचा रॉड रुळावरून सरळ वर-खाली जातो, म्हणून नवख्याला सुरक्षित वाटतो. पण तोल सांभाळायला शरीर तिथे शिकत नाही, आणि शिकायचं तर तेच असतं.

डेडलिफ्ट: जमिनीवरून की कमरेपासून

आता माझी उसण. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. डेडलिफ्टची सगळी मांडणी त्या उंचीला धरून आहे. मी दहा किलोच्या रॉडला दहा-दहाच्या लहान प्लेट लावल्या होत्या. रॉड चांगला पाच-सहा बोटं खाली होता. तिथपर्यंत पोचायला माझी कंबर गोल झाली आणि त्याच अवस्थेत मी झटका मारला. तीस किलोनं काही केलं नव्हतं, खाली गेलेल्या त्या पाच-सहा बोटांनी केलं. मला शिकवणाऱ्या माणसानं "उचला ताई, होऊन जाते" म्हटलं, पण रॉड किती खाली आहे हे पाहिलं नाही.

नागपुरातल्या कितीतरी गल्लीतल्या जिममध्ये मोठ्या प्लेट फक्त वीस किलोच्या असतात. नवख्याला दोन्ही बाजूंना वीस-वीस झेपत नाहीत, म्हणून तो लहान प्लेट लावतो आणि रॉड खाली जातो. यावर दोन उपाय आहेत. एक, दोन्ही बाजूंना जुन्या प्लेटची चवड रचून रॉड मधल्या नडगीपर्यंत उंच करायचा. दुसरा, आणि नवख्यासाठी मला हाच पसंत आहे, तो म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट. यात रॉड किंवा दोन डंबेल उभं राहूनच हातात घ्यायचे. गुडघे जरासे सैल. हातात सामान असताना मागचं दार आपण कमरेनं कसं लोटतो, तशी कंबर मागे न्यायची. रॉड मांड्यांना घासत खाली येतो. मांडीच्या मागे ताण जाणवला की थांबायचं, बहुतेकांचं हे गुडघ्याच्या थोडं खाली होतं. मग कंबर पुढे आणून उभं राहायचं.

पाठ सरळ आहे की नाही हे आपलं आपल्याला कळत नाही. एक लांब काठी पाठीवर उभी धरा. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे आणि वाकताना सुटता कामा नये. आठवडाभर नुसत्या काठीवर हे करा, मग वजन घ्या.

दोन दिवस अंग दुखणं ठीक. पण कमरेतून कळ निघून पायात उतरली, मुंग्या आल्या, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलण्यावर, फार लिहीत नाही. मागे उभं राहणारं कोणी नसेल तर रॉडऐवजी डंबेल घ्या. अडकलं तर बाजूला टाकता येतात. रॉड घेतलाच तर अंगठा त्याच्याभोवती वळलेला हवा, आणि कोपरं खांद्याच्या रेषेत न फाकवता शरीराशी साधारण ४५ अंशांत ठेवा. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे वेटलिफ्टिंग स्पर्धेतले रॉड डोक्यावर नेण्याचे प्रकार, हा तर वेगळाच प्रांत. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात २४८ किलोंसह रौप्य मिळवलं, तेही १३९ किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावून घेऊन. वर्षानुवर्षं रोज तेच करणाऱ्याची ही गत, तर पक्का प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय आपण त्या वाटेला जाऊ नये.

सकाळचं खाणं: बशीत नेमकं किती आहे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. वजन उचलणाऱ्यासाठी १.६ ग्रॅमपर्यंत नेणं फायद्याचं ठरतं, म्हणजे त्याच माणसाला ९५ च्या आसपास. दिवसाचे चार भाग केले तर सकाळच्या वाट्याला वीस ते पंचवीस ग्रॅम येतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता तर्री पोहे, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे. कस्तुरचंद पार्कपाशी सकाळी उभं राहून खाल्लेल्या त्या बशीवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि भाच्याला ते बंद करायला मी सांगितलं नाही. पण हिशेब मांडू. कोरड्या पोह्यांत शंभर ग्रॅममागे साधारण सात ग्रॅम प्रथिनं. एका बशीत साठ-सत्तर ग्रॅम पोहे धरले तर साडेचार ग्रॅम. तर्रीत मूठभर चणे आले तर आणखी तीन-चार. सगळं मिळून आठच्या घरात. पोट भरतं, आणि म्हणूनच फसगत होते: तास-दोन तासांत परत भूक लागते आणि आपण खाल्लं की नाही असं वाटतं. पोहे खायचेच तर चणे जास्तीचे मागून घ्या आणि शेजारी दोन उकडलेली अंडी ठेवा. तीच बशी विसाच्या घरात जाते.

अंड्याचं मोल मला याच कारणानं वाटतं, ते मोजता येतं. एक म्हणजे सहा ग्रॅम, तीन म्हणजे अठरा, अंदाजाचा प्रश्नच नाही. पाव लिटर दूध घेतलं की आठ ग्रॅमची भर. अंडी शिजवूनच खा. दुधात कच्ची फोडून पिण्याची जुनी सवय सोडा, कच्च्यातली प्रथिनं अंगाला बरीच कमी लागतात. एक अडचण मात्र आपल्या गावाची आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना उकडलेली अंडी डब्यात घालून गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, तासाभरापुढे ती खाण्यालायक राहत नाहीत. त्या दिवसांत डब्यात फुटाणे बरे, पन्नास ग्रॅममध्ये दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि उन्हानं त्यांचं काही बिघडत नाही.

भाचा आला तेव्हा श्रावण होता आणि घरच्या शिस्तीप्रमाणे त्याची अंडी बंद होती. त्याला मी झुणका-भाकर सांगितलं. तो चकित झाला, कारण ते त्याच्या लेखी रात्रीचं जेवण. पण पन्नास ग्रॅम बेसनात अकरा ग्रॅम, ज्वारीच्या एका भाकरीत सहा, वाटीभर दह्यात पाच. बावीस ग्रॅम झाले, तेही रात्रीचा झुणका सकाळी गरम करून. डाळ आणि धान्य एकत्र आलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, हा जास्तीचा लाभ. शाकाहारी माणसानं घरी गॅस असताना दुसरं काही शोधू नये, असं मला वाटतं.

मुगाचं धिरडं त्याच्या खालोखाल. साठ ग्रॅम डाळीत चौदा ग्रॅम, आत पन्नास ग्रॅम पनीर किसून घातलं तर तेवीस. फक्त रात्री डाळ भिजवायची आठवण हवी. आठवण राहत नाही त्यानं पोह्यांतच तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, परतून घालाव्या. एवढ्याशा वड्यांत पंधरा ग्रॅम असतात आणि खिशाला त्या सर्वात हलक्या.

मोड आलेल्या कडधान्याबद्दल गैरसमज फार. मोड आल्यानं पचायला सोपं होतं, प्रथिनं वाढत नाहीत. फुगलेल्या वाटीत पाणीच जास्त असतं. पन्नास ग्रॅम कोरडी मटकी भिजवली तर अकरा ग्रॅम, मग मोड कितीही लांब येवोत. तसंच सातूचं. उत्तरेकडचा सत्तू निव्वळ भाजलेल्या चण्याचा, शंभर ग्रॅममागे वीसच्या पुढे. आपल्या घरी उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवतात त्या सातूच्या पिठात गहूही असतो, म्हणून आकडा बराच उतरतो. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

व्यायामाआधी एखादं केळं पुरे. नंतर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे अशी धावपळ नको. दिवसभराची बेरीज जास्त महत्त्वाची. डाळीच्या नाश्त्यावर संत्रं खा किंवा लिंबू पिळा, डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा तासभरानं घ्या.

भाच्याला सहा आठवडे झाले. श्रावण संपला, आता तीन अंडी आणि दूध, रविवारी तर्री पोहे. १६ किलोचं डंबेल छातीशी धरून केलेल्या स्क्वॉटचा व्हिडिओ त्यानं परवा पाठवला, मी सांगितल्याप्रमाणे बाजूनं काढलेला. आठव्या वेळेला डावी टाच उचलली होती. मी त्याला १४ वर परत जायला सांगितलं आहे. रॉड पाठीवर कधी घ्यायचा, ते पुढचा व्हिडिओ पाहून आम्ही दोघं ठरवू.