जुनं इंग्लिश स्लिपवेअर: समोरचं नाव की बुडाजवळचा शिक्का?

स्लिपवेअर, म्हणजे पातळ मातीच्या घोळाने नक्षी काढून वर शिशाची झिलई चढवलेलं भांडं, कुणी घडवलं, हे शोधायला दोन खुणा हाताशी असतात.

पहिली खूण दर्शनी नावाची. सतराव्या शतकातल्या स्टॅफर्डशायरच्या मोठ्या थाळ्यांवर कडेच्या जाळीदार नक्षीतच, खालच्या बाजूला ‘थॉमस टॉफ्ट’ असं ठसठशीत लिहिलेलं दिसतं. मध्ये जलपरी, नाहीतर ओकच्या झाडात लपलेला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. पिवळसर जमिनीवर गडद तपकिरी रेघ, तिच्यावर पांढऱ्या थेंबांची बारीक रांग. ती रांग बघतच राहावी अशी! पण नाव दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. ते कुंभाराचंच असेल असं नाही. ज्याच्यासाठी भांडं केलं त्याचंही असू शकतं. शिवाय राल्फ आणि जेम्स या टॉफ्टांच्या नावाच्याही थाळ्या आहेत, म्हणून नुसतं आडनाव पुरत नाही.

दुसरी खूण ओल्या मातीत दाबलेल्या शिक्क्याची. मायकेल कार्ड्यू या कुंभारांनी 1926 मध्ये इंग्लंडमधल्या विंचकोंबला भट्टी सुरू केली. तिथल्या भांड्यांवर बुडाजवळ ‘डब्ल्यूपी’, म्हणजे विंचकोंब पॉटरी, असतं. त्यावरून कारखाना कळतो, माणूस नाही. कार्ड्यू तिथून निघून गेल्यावरही तो शिक्का चालूच राहिला. शेजारी ‘एमसी’ असेल तर ते कार्ड्यूंचं. झिलईने शिक्का बुजला असेल तर तिरप्या उजेडात धरा.

विसाव्या शतकातल्या भांड्यासाठी मी आधी शिक्काच बघेन. टॉफ्टच्या बाबतीत मात्र नावापेक्षा त्या रेघेवर माझा जास्त भरवसा आहे. नाव कुणीही लिहील, हाताचं वळण उचलणं कठीण.