अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे सांधे: हाताने हलवावेत की यंत्राने?

सीपीएम (कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन, म्हणजे सांधा आपोआप सतत हलवणारे) यंत्र ठरावीक वेगाने, ठरावीक कोनात एकच सांधा, बहुतेकदा गुडघा, वाकवत राहते. शस्त्रक्रियेनंतर काही जणांना ते दिले जाते. पण वेदनेने रुग्णाचा चेहरा आक्रसला तरी यंत्राला कळत नाही.

पक्षाघाताच्या रुग्णासाठी हातच बरे. एक हात सांध्याच्या वर, दुसरा खाली आधाराला. प्रत्येक हालचाल सावकाश 5 ते 10 वेळा, दिवसातून दोनदा. अडथळा लागला की तिथेच थांबा, क्षणभर धरा. झटका दिला तर स्नायू उलट अधिक ताठरतात. लुळा हात कधीही ओढू नका, खांदा निसटतो. दंडाला आणि खांद्याच्या पात्याला आधार देऊन, तळवा वर वळवून उचला. घोटा हमखास विसरला जातो: टाच तळहातात धरून पाऊल नडगीकडे वळवा, नाहीतर ते खाली झुकलेल्या स्थितीतच आखडते.