वेल्श शिकवणारं ॲप : नौपाड्यातल्या आजीकडून साडेतीन तारे

आधी तारे सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. एक अख्खा कुठे कापला आणि अर्धा कुठे, ते पुढे येईलच.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते. वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त. लेक-जावई कार्डिफला, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत असतात आणि नातीला त्यांनी तिथल्या वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलंय. घरी मराठी, शाळेत वेल्श, रस्त्यावर इंग्रजी. व्हिडिओ कॉलवर ती काहीतरी गाणं म्हणायची आणि मी नुसती मान डोलवायची. शेवटी भाच्याकडून फोनवर हे ॲप टाकून घेतलं. त्याला आठ महिने झाले. सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते आणि बाकावर बसून वीस मिनिटं धडा करते. फिरायला येणारे एक काका अधूनमधून थांबून सांगतात, "अहो ताई, त्यापेक्षा जर्मन शिका, काही उपयोग तरी होईल."

चांगलं ते आधी. धडे लहान आहेत, उच्चार खऱ्या माणसांच्या आवाजात आहेत. आकड्यांचा धडा आला तेव्हा मी बाकावर एकटीच हसले. सात म्हणजे 'साइथ', नऊ म्हणजे 'नाउ', नाव म्हणजे 'एनू'. कुठलं कुठे, पण खानदान एकच! मग आलं कार्डिफ. त्यांचं ते 'काइरदीद'. कार्डिफला म्हणायचं तर 'ई गाइरदीद' आणि कार्डिफमध्ये म्हणायचं तर चक्क 'अं ङाइरदीद'. वाङ्मय सोडलं तर ङ मला आयुष्यात कुठे कामाला लागला नव्हता, तो इथे भेटला. ॲप हे समजावून देत नाही, चुकलं की नुसतं लाल करतं. पण मला जड गेलं नाही. आपणही ठाणे म्हणतो आणि लगेच ठाण्याला, ठाण्यात करतोच की. आपण शब्दाचं शेपूट वाकवतो, ते डोकं.

आता तक्रारी. एक अख्खा तारा मी यासाठी कापला की मराठीतून वेल्श शिकायची सोयच नाही. इंग्रजीतूनच जावं लागतं. जिने हिला घराबाहेर काढलं, तिचाच हात धरून हिच्या घरी जायचं.

आणि हे 'बाहेर काढणं' मला ॲपमुळेच कळलं. धड्यांमध्ये मध्येमध्ये छोट्या टिपा येतात. त्या अपुऱ्या असतात, म्हणून मी बाहेरून वाचत गेले. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ पर्यंत वेल्स जिंकलं आणि जागोजाग किल्ले बांधले. लेकीने कार्नारव्हनच्या किल्ल्याचे फोटो पाठवलेत. तिथे लोक तिकीट काढून आत जातात. आमच्या ठाण्यात पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याचा तुरुंग झालाय, तिथे तिकीट नाही आणि हौसेने कुणी जातही नाही. पुढे १५३६ च्या कायद्याने वेल्समध्ये कोर्टाचं काम इंग्रजीत गेलं आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पद बंद झालं. १५८८ मध्ये बायबल वेल्शमध्ये आलं म्हणून निदान देवाच्या दारात ती भाषा टिकली.

मग वाचली ती फळीची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कितीतरी शाळांत, वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की फळी त्या पोराच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला छड्या. असा काही कायदा नव्हता. मास्तर करायचे, आणि बऱ्याच आईबापांना त्यात पोरांचं भलंच दिसायचं.

इथे मी फोन पालथा ठेवला. माझी लेक ठाण्यातल्या एका इंग्रजी शाळेत होती, नाव नको. १९९८ ची गोष्ट. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड, टेबलावर त्यासाठी पत्र्याचा डबा. मी शाळेत जाऊन भांडले का? छे. दर सोमवारी तिच्या कंपासपेटीत दोन-दोनची पाच नाणी ठेवायचे, आठवड्याची सोय म्हणून. आणि मग बँकेत जाऊन दिवसभर काउंटरवर मराठीत बोलायचे. परवा कॉलवर हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्यातले चार रुपये वाचवून मी गोळा खायचे." म्हणजे आठवड्यातले दोन दिवस तोंड बंद ठेवायची.

ती आता पोरीला वेल्श शाळेत का घालते, ते मी विचारलं नाही.

तिथे लानेली गावात पहिली सरकारी वेल्श शाळा निघाली १९४७ साली. १९६२ मध्ये भाषेसाठी चळवळ उभी राहिली आणि पुढे त्यातली तरुण मुलं इंग्रजी पाट्यांना रंग फासून तुरुंगात गेली. १९८२ मध्ये वेल्श टीव्ही आला. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्केच, आणि आकडा २०११ पेक्षा घटलेला. तेव्हा फार हुरळूनही जाऊ नये.

दुसरी तक्रार आजीच्या शब्दाची, तिचे तारे मात्र कापले नाहीत. ॲपने मला 'नाइन' शिकवलं. मी ऐटीत कॉलवर म्हटलं तर नात खो खो हसली. "आजी, ते वरचे लोक म्हणतात. आमच्याकडे मामगी!" उत्तर-दक्षिणेचा फरक ॲपने आधीच विचारायला हवा होता.

राहिला अर्धा तारा, तो माइकचा. वेल्शमध्ये एक 'ल' आहे, त्याला जीभ टाळूला टेकवून बाजूने फुंकर मारायची असते. मला कवळी आहे. लेकीच्या शेजारीणबाईंना माझा 'ल' कळतो, ॲपला कळत नाही, आणि धडा तिथेच अडतो.

मार्चमध्ये वर्गणी संपतेय, पुन्हा भरणार आहे. पण तोवर त्या माइकचं कुणीतरी बघा. मी दात काढूनसुद्धा बोलून पाहिलंय.