दिवा लागला, निरोप मुका

एडिसनमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं ऑफिस सांभाळते. न्यू जर्सीतले आमचे पेशंट, विशेषतः वयस्कर, अजूनही फोन करून व्हॉइसमेल ठेवतात. रात्री दाढ ठणकली, उद्याची वेळ रद्द करायची आहे, विम्याचं कार्ड बदललं, सगळं मशीनवर. मग महिन्याने कुणी भांडायला येतं, "मी आदल्या दिवशी कळवलं होतं, पन्नास डॉलर कसले लावता?" तेव्हा तो निरोप हुडकून ऐकायचा, हे माझं काम. त्यामुळे आम्ही निरोप सहसा पुसत नसू.

फोनची जुनी यंत्रणा अ‍ॅस्टेरिस्क या फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालायची. कॉफी मशीनच्या वरच्या फळीवर एक काळा डबा, २०१४ पासून न कुरकुरता चालू. मागच्या उन्हाळ्यात त्याचा पंखा घरघरायला लागला आणि डॉक्टर म्हणाले, नवीन घ्या. बॅकअप होता का, असं मला सगळे विचारतात. होता. त्याच डिस्कवर होता.

हे काम करणारा माणूस मला मंडळाच्या गणपतीत भेटला. प्रसादाच्या रांगेत ओळख झाली, बायकोने केलेले मोदक त्याने आग्रहाने खायला घातले. "ताई, आपल्या माणसाला सोडून बाहेर कुठे जाताय? मी आहे ना." दुसऱ्या दोन कंपन्यांनी पाच-पाच पानांची कोटेशनं पाठवली होती. याचं अर्ध्या पानाचं, ३,२०० डॉलर, आणि त्यात एक ओळ: 'सर्व युजर व मेसेज इम्पोर्ट'. ती ओळ वाचून मला हायसं वाटलं. इम्पोर्ट झालं असं कधी म्हणायचं, ते कोण तपासणार, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं, आणि पाच पानी कोटेशनांत नेमकं तेच होतं हे मी नंतर वाचलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने काम पुरं केलं आणि एक तक्ता दाखवला. जुन्या यंत्रणेत युजर १४, नव्यात १४. जुन्यात निरोप ४१२, नव्यात ४१२. मग डॉक्टरांचा आणि माझा असे दोन मेलबॉक्स लावून दाखवले. आवाज खणखणीत. उरलेले बारा मी उघडून बघितले नाहीत. शुक्रवार होता, उशीर झाला होता, आणि आकडे तर जुळलेच होते. "कार्डाने दिलेत तर तीन टक्के जास्त पडतील ताई, झेलने टाका." झेल (Zelle) म्हणजे बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायची सोय. टाकले, त्याच्या खासगी खात्यावर. जाताना त्याने जुना डबा उचलला. "हा कशाला ठेवता, धूळ खाईल. बिलातले दीडशे परत देतो." मला त्यातही फायदाच दिसला.

सोमवारी रिसेप्शनच्या फोनवर लाल दिवा लागलेला. तिथल्या मुलीने निरोप लावला. यंत्राने तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि पुढे काही नाही. दुसरा लावला, तेच. सगळे तसेच. बिलिंगचा मेलबॉक्स तसाच, हायजिनिस्टचाही तसाच.

मंगळवारी तो म्हणाला, कोडेकचा फरक आहे, नवीन यंत्रणा रात्रीतून फायली फिरवून घेईल. कोडेक म्हणजे आवाज फाइलीत साठवायची पद्धत, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी गोष्ट बदलली. आता जुन्या डिस्कवरच फायली खराब झाल्या होत्या, 'डीप रिकव्हरी' करावी लागेल, १,८०० डॉलर. इथे माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. कारण शुक्रवारी दुपारी, डबा फळीवर असताना, आता मुक्या झालेल्या एका मेलबॉक्समधला एका आजींचा निरोप मी स्वतः ऐकला होता.

मैत्रिणीचा मुलगा फोनच्याच धंद्यात आहे. तो रविवारी येऊन बसला. त्याने समजावलं ते असं: अ‍ॅस्टेरिस्क प्रत्येक निरोपाची एक आवाजाची फाइल ठेवतं आणि सोबत एक छोटी मजकुराची फाइल. त्या छोटीत कुणाच्या नंबरवरून आला, कधी आला, किती सेकंदांचा, हे सगळं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तारीख-वेळ यंत्र त्यातूनच वाचून सांगतं. मग त्याने आवाजाच्या फायलींची यादी काढली. "मावशी, साइझ बघ." ४४ बाइट. पुढची ४४. खाली सरकवत गेला, डॉक्टरांचा आणि माझा मेलबॉक्स सोडून बाकीच्या ३८३ फायली, सगळ्या ४४. वेव्ह नावाच्या आवाजाच्या फाइलचं नुसतं डोकं, म्हणजे सुरुवातीची माहिती, तेवढं असतं, त्यात आवाजाचा एक कणही नसतो. साध्या वेव्हमध्ये टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट खातो. अर्ध्या मिनिटाच्या निरोपाला पावणेपाच लाखांच्या वर बाइट हवेत. शेजारच्या छोट्या फायलीत मात्र लिहिलेलं होतं, कालावधी ३१ सेकंद, ४७ सेकंद.

दाखवलेले दोनच मेलबॉक्स नीट आणि बाकी सगळे पोकळ, हे अपघाताने होत नाही. कुणीतरी बसून पोकळ फायली बनवल्या होत्या, दिवा लागावा आणि आकडा जुळावा म्हणून. आणि संताप याचा की खरं काम अवघड नव्हतंच. आवाजाचा तो फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवायचा, त्या फायली यंत्रणेला उघडता येतील असे हक्क नीट लावायचे, संध्याकाळचं काम. युजर म्हणजे तर एका साध्या फाइलीतल्या चौदा ओळी: मेलबॉक्स क्रमांक, पिन, नाव, ईमेल. हो, पिनसुद्धा उघड्या अक्षरांत. म्हणजे चौदाच्या चौदा पिन त्याच्याकडे गेल्या होत्या. त्या आम्ही त्याच रात्री बदलल्या. प्रत्येकाने आपल्या आवाजात ठेवलेल्या 'मी आत्ता जागेवर नाही' या ग्रीटिंगा तर त्याने आणल्याही नव्हत्या, आणि त्याकडे तोवर कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

तेव्हा तुमच्याकडे असं काम निघालं, तर निरोप किती आले हे विचारून थांबू नका. प्रत्येक मेलबॉक्समधला एक जुना, एक मधला, एक अलीकडचा निरोप स्वतः कानाला लावून ऐका, आणि कुठला ऐकायचा ते तुम्ही ठरवा, त्याला ठरवू देऊ नका. फायलींचे साइझ लिहिलेली यादी मागा. आणि जुनं यंत्र दोन-तीन महिने तरी दाराबाहेर जाऊ देऊ नका, कुणी दीडशे काय, पाचशे दिले तरी.

तीन मेलबॉक्सवर निरोप ईमेलने पाठवायची सोय कधीतरी चालू केलेली होती. त्या जोडपत्रांतून ७१ निरोप परत मिळाले. बाकीचे गेले.

खरी झळ पुढे बसली. त्या डिस्कवर पेशंटांचे आवाज होते, त्यांच्या दुखण्यांची माहिती होती. पेशंटांची माहिती जपण्यासाठीच्या हिपा (HIPAA) या अमेरिकन कायद्याखाली बाहेरच्या माणसाच्या हाती अशी माहिती द्यायची तर आधी लेखी करार लागतो. मी तो केला नव्हता, आपल्या माणसाकडून काय सह्या घ्यायच्या म्हणून. वकिलाने सांगितलं, कळल्यापासून ६० दिवसांच्या आत प्रत्येक पेशंटला पत्र गेलं पाहिजे. कुणाकुणाला पाठवायचं ते त्या छोट्या फायलींमधल्या नंबरांवरून कळलं. त्याने आम्हाला फसवायला आणलेली तेवढीच गोष्ट कामी आली. डॉक्टरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पाकिटं मात्र मी एकटीनेच भरली.

झेलने गेलेले पैसे बँकेला परत आणता आले नाहीत. मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावला. तिथे ५,००० डॉलरपर्यंत स्वतःच उभं राहता येतं. तारखेच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला, आणि १,९०० वर तडजोड झाली. चेक वटला. डिस्कचं विचारलं तर म्हणाला, "ती तर कधीच रिसायकलला गेली, ताई."