नाक आजीचंच ठेवायचं, पण थोडं आवरायचं: कुठली वाट घ्यावी?

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे, पण आमच्या घराण्यात नकटं कुणीच नाही. इंदूरच्या रामबागेतल्या घरात भिंतीवर चार पिढ्यांचे फोटो आहेत आणि सगळ्यांत तेच नाक: मधे उंचवटा, शेंडा जरा झुकलेला, नाकपुड्या भरदार. पणजीला ते कधी खटकलं नाही, तिला सेल्फी काढायच्या नव्हत्या. भाचीला खटकतं. "मावशी, नाक आजीचंच राहू दे, फक्त चेहऱ्यावर दुसरं काहीतरीही दिसायला हवं," हे तिचं म्हणणं. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्यासोबत तीन डॉक्टरांसमोर बसून आले. जे मनात जमलं ते हे.

दवाखान्यांच्या पाट्यांवर आता ‘एथ्निक राइनोप्लास्टी’ असं लिहिलेलं असतं; राइनोप्लास्टी म्हणजे नाकाचा आकार बदलायची शस्त्रक्रिया. या शस्त्रक्रियेची आधुनिक मापं मुख्यतः युरोपीय चेहऱ्यांवर ठरली: अरुंद कणा, वर उचललेला शेंडा, ओठ आणि नाकातला कोन अमुक अंश. ती मापं दुसऱ्या चेहऱ्यावर जशीच्या तशी बसवली की नाक उसनं दिसतं. म्हणून घराण्याची ठेवण राखून प्रमाण सुधारायचं, असा या शब्दाचा अर्थ. गंमत म्हणजे कपाळाच्या कातडीने नाक घडवायची पद्धत युरोपने उचलली ती आपल्याकडूनच. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं गेलं. ती हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तीच पद्धत वापरली.

तर पहिली वाट, जुनी. तिला मी वजाबाकी म्हणते: हाड घासा, कूर्चा (नाकाला आकार देणारा लवचीक, हाडापेक्षा मऊ भाग) कापा, उरलेलं जवळ आणा. पातळ कातडीवर हे बऱ्यापैकी निभतं. आपल्यातल्या पुष्कळांची नाकाची कातडी जाड आणि तेलकट, आतली कूर्चा मात्र मऊ. उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा आकसत नाही, तसंच इथे होतं. कातडीखालच्या रिकाम्या जागेत व्रणाचा थर भरतो, शेंड्याच्या वर फुगवटा येतो आणि बाजूने बघितलं तर पोपटाची चोच. डॉक्टरांच्या भाषेत पॉलीबीक. आधाराची कूर्चा जास्त गेली तर जोरात श्वास घेताना नाकपुडीची बाजू आत ओढली जाते, ते वेगळंच. पहिल्या डॉक्टरांनी संगणकावर भाचीचं जे नवं नाक दाखवलं, तेच आमच्या आधी आलेल्या मुलीच्या वेळीही संगणकावर मला दिसलं होतं. तिथून आम्ही चहा न पिताच उठलो.

दुसरी वाट बेरजेची. कापायचं थोडं, आधार द्यायचा जास्त: नाकाच्या पडद्यातली (म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या आतल्या भिंतीतली), कानामागची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन शेंडा आतून उभा करायचा, म्हणजे जाड कातडीवरही त्याचा आकार उमटतो. शेंडा उचलला गेला की उंचवटाही आपोआप कमी वाटू लागतो, आणि तो मुळापासून उडवावा लागत नाही. यातलीच ‘प्रिझर्वेशन’ नावाची तऱ्हा म्हणजे कणा वरून न तासता खालून आधार काढून तो अखंड खाली बसवायचा. सरळ नाकावरच्या मध्यम उंचवट्याला ती छान. वाकड्या किंवा मार लागलेल्या नाकाला तितकीशी नाही, आणि कधी कधी उंचवटा थोडा परततो. बेरजेचेही तोटे आहेत. शेंडा हाताला कडक लागतो, बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, छातीवर एक व्रण राहतो. बसक्या नाकाला उंची द्यायला कुणी सिलिकॉन सुचवलं तर जपून: ते वर्षांनंतरही कातडीतून बाहेर येऊ शकतं किंवा त्याला संसर्ग होऊ शकतो.

आमच्यासारख्या नाकाला मला दुसरीच वाट पटते. जाड कातडी असेल तर वजाबाकीचा विचारच नको.

तिसरी वाट इंजेक्शनची, फिलरची, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलसारख्या औषधाची. जेवणाच्या सुट्टीत होते म्हणून मुली तिकडे वळतात. उंचवट्याच्या वर-खाली भरून रेषा सरळ दिसते, पण नाक त्याने लहान होत नाही, उलट कणभर मोठंच होतं. परिणाम साधारण 6 ते 18 महिने टिकतो. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर विरघळवता येतं. मात्र औषध रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित डोळासुद्धा जातो, आणि नाक ही त्यासाठी सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक. ब्युटी पार्लरमध्ये तर मुळीच नको.

नाकपुड्या अरुंद करण्याचं काय? इथे भाची अडली, कारण प्रश्न नथीचा होता. नाकपुडीच्या बुडाशी पाचरीसारखा तुकडा कापून टाके घालतात. काढलेलं परत लावता येत नाही आणि सावळ्या कातडीवर व्रण गडद उठू शकतो. शेंडा उचलल्यावर नाकपुड्या तशाही थोड्या बारीक दिसतात, म्हणून हे शेवटी, आणि शक्यतो कमीच. नाक टोचलेलं असेल तर ते भोक डॉक्टरांना आधीच दाखवा.

श्वासाचा त्रास असेल तर नाकातल्या पडद्याची दुरुस्ती त्याच वेळी करून घ्यावी. विमा असलाच तर त्या भागाला लागू होण्याची शक्यता असते, रूपासाठीच्या भागाला नाही.

उघडी पद्धत की बंद, यावर लोक फार वाद घालतात. उघडीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर बारीक छेद येतो, सूज जरा जास्त दिवस राहते, पण आतलं सगळं समोर दिसतं; बंद पद्धतीत छेद नाकाच्या आतच असतात. मी डॉक्टरच्या हाताला महत्त्व देईन, पद्धतीला नाही. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी असलेला डॉक्टर, नाहीतर नाकाच्या या कामात मुरलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ बघा. फोटो मागा ते आपल्यासारख्या कातडीच्या लोकांचे, बाजूचे, एका वर्षानंतरचे. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या नाकातलं काय तुम्ही बदलणार नाही?" तिसऱ्या डॉक्टरांनी याचं उत्तर कागदावर आकृती काढून दिलं.

मुंबईला जायचं की इंदुरातच? अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत पोचता येतं हे खरं, पण साधारण सातव्या दिवशी पट्टी काढायला, मग वर्षभर तपासणीला जावं लागतं. सूज हळूहळू उतरते. जाड कातडीच्या शेंड्याला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. पहिले काही आठवडे चष्म्याचा भार नको आणि धक्का तर नकोच, म्हणून रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, तोंडावर तारीख घेऊ नका. राजवाड्याच्या गर्दीत कुणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही.

भाचीने गेरीनंतरची तारीख घेतली आहे. कागदावर लिहून दिलंय: शेंडा थोडा वर, उंचवटा अर्धा, नाकपुड्यांना हात नाही. डिसेंबरात तिच्या भावाचं लग्न आहे. तेव्हाही भोकावर ताण नको म्हणून सराफ्यात दाबाची नथ सांगून ठेवलीय.